जावईबापूंनी दुरुस्त केलेली पेटी

"काकू, पेटी बिघडलीय."

"कशानं बिघडली?"

"मी दुरुस्त केली."

गुरुवारची सकाळ होती. दुकानाचं शटर नुकतंच वर केलेलं, दारात पाणी मारायचं राहिलेलं, आणि समाधान पायरीवर उभा. पाठीवर गिटारची काळी बॅग. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेली पेटी, सायकलच्या जुन्या ट्यूबनं करकचून आवळलेली. पेशंट आणावा तशी आणली होती बिचारी.

पेटी म्हणजे हार्मोनियम. आमच्या धंद्यात तिला हार्मोनियम म्हणणारा माणूस एक तर शाळेतला सर असतो, नाहीतर पहिल्यांदाच दुकानात आलेला असतो. औरंगपुऱ्यात आमचं वाद्यांचं छोटं दुकान आहे आणि मी पेट्या दुरुस्त करते. मला हे कुणी शिकवलं नाही. आमचे हे पेट्या विकायचे आणि दुरुस्तीला एक कारागीर ठेवलेला होता. तो एका दिवाळीला गावाला गेला तो गेलाच. एका मास्तरांची पेटी पोट फाडून टेबलावर पडलेली, मास्तर रोज येऊन बघून जायचे. शेवटी मी भरतकामाची सुई, मिक्सरचा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि बसले. पहिल्या दोन पेट्या मी बिघडवल्या. तिसरी बरी झाली. त्याला आता तीस-पस्तीस वर्षं झाली. त्यामुळं दुरुस्त करून बिघडवणं म्हणजे काय, हे मला समाधाननं समजावून सांगायची गरज नव्हती.

मी चादर सोडली. सागवानी जुनी पेटी. बाजूला ऑइलपेंटनं पिशोरच्या भजनी मंडळाचं नाव. मांडीवर घ्यावी तशी जवळ ओढली, भाता हलवला आणि काळी चार दाबली. सूर ठीक. मग पांढरी एक दाबली, आणि माझ्या दाढा आंबल्या.

पेटीच्या पट्ट्या आम्ही रंगावरून आणि नंबरावरून ओळखतो. काळ्यांमधली चौथी ती काळी चार, पांढऱ्यांमधली पहिली ती पांढरी एक. एखादा माणूस काळी चारमध्ये गातो म्हणजे त्या पट्टीला तो सा धरतो. मग पांढरी एक हा त्याचा गांधार होतो. गांधार म्हणजे ग. भजनात हा ग वरणातल्या मिठासारखा. असला तर कुणाच्या लक्षात येत नाही, चुकला तर ताट बाजूला सरकवतात.

पेटीचं झाकण काढलं. आत पितळी पात्यांच्या दोन रांगा असतात. त्या पात्यांना आम्ही सूरच म्हणतो. या पेटीत अठ्ठ्याहत्तर सूर. जुनं पितळ गुळासारखं काळपट असतं. इथं निम्म्याहून जास्त सुरांची टोकं नव्या नथीसारखी चमकत होती. कुणीतरी घासली होती. आणि प्रत्येक सुराशेजारी एक हिरवी गोल टिकली चिकटवलेली.

"हे काय रे?"

"ओके टॅग, काकू."

"ओके कुणी केलं?"

"मीच."

समाधान बिडकीनच्या बाजूला एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाडीचे पार्ट मापाला बरोबर आहेत का, हे दिवसभर मोजायचं. केसाएवढा फरक निघाला तर लाल टॅग लावून बाजूला, नाहीतर हिरवा लावून पुढं. माणूस सरळ, कष्टाळू, आणि फरक दिसला की त्याला जेवण जात नाही. रविवारी संध्याकाळी एका कॅफेत गिटार वाजवतो. तारा माझ्याकडून नेतो, म्हणून ओळख.

आता गिटारवाल्यांबद्दल थोडं सांगू द्या. माझ्या दुकानात गिटारवाले लई येतात, आणि तारांचं पाकीट घेऊन कुणी सरळ घरी जात नाही. भिंतीवरच्या दुसऱ्या वाद्यांकडं बघत उभे राहतात. बँकेतला एक जण आहे, तो म्हणतो, काकू, बासरी शिकायला पाहिजे होती, बॅगेत मावते तरी. एक सर आहेत, वीसएक पोरांना गिटार शिकवतात आणि माझ्याकडं येऊन तबल्यावर गुपचूप धा-धिन करतात. लग्नाच्या ऑर्केस्ट्रातला एक आहे, त्याला संबळ शिकायचं राहून गेलं. म्हणतो, आम्ही दोन तास घाम गाळतो, पण गोंधळ्यानं संबळावर काठी टाकली की मांडवातलं एक माणूस आमच्याकडं बघत नाय. प्रत्येक गिटारवाल्याचं एक राहून गेलेलं वाद्य असतंच. पेटीवाला मात्र आजवर मला कधी म्हणाला नाही, की गिटार शिकायला पाहिजे होती. तबलेवाला तर मुळीच नाही. तो म्हणतो, पेटीवाल्यानं तबला शिकायला पाहिजे होता.

समाधानचं राहून गेलेलं वाद्य पेटी. त्याचं कारण त्यानं मला एकदा सांगितलं होतं. "काकू, गिटारचा सूर मरतो. छेडला की त्या क्षणापासून मरायलाच लागतो. पेटीचा सूर हवा मिळंल तोवर जिता राहतो." हे ऐकून मी त्याला चहा पाजला होता.

दुसरं कारण सासऱ्याचं. समाधानची सासुरवाडी पिशोरची. सासरे रंगनाथबुवा तिथलं भजनी मंडळ चालवतात. लहानपणी डोंगरावर मेंढरं वळलेला माणूस. या टेकडीवरून त्या टेकडीला हाक मारून मारून आवाज काळी चारला जाऊन बसला, तो सत्तरीतही खाली आलेला नाही. लग्नात समाधाननं हौसेनं गिटार वाजवली. बुवांनी तीन गाणी शांतपणे ऐकून घेतली आणि शेजारच्या पाव्हण्याला विचारलं, "आजून सूरच जुळवायलेत का?"

ते समाधानच्या जिव्हारी लागलं. दिवाळसणाला गेला तेव्हा त्यानं मंडळाच्या पेटीवर बोटं फिरवून दाखवली. बुवा हरखले. म्हणाले, जावईबापू, पेटी शहरात न्या, हात बसवा, आणि सप्त्यात एक दिवस हरिपाठाला पेटीवर बसा. मंडळातल्या लोकांनी कुरकुर केली असेल, पण जावयानं हात लावलेली वस्तू त्याच्याकडून परत कशी मागणार? पेटी शहरात आली.

"सप्ता कधी बसतोय?" मी विचारलं.

"सोमवारी. मपला हरिपाठ बुधवारी हाय."

"आणि बुवांना हे माहितीय?"

"सर्व्हिसिंगला टाकलीय म्हणून सांगितलंय."

पेटी मंडळाची. गावात तिच्याशिवाय सप्ता होत नाही. आणि बुधवारी सगळ्या गावासमोर त्या पेटीवर बसायचा मान त्याला मिळालेला. लग्न झाल्यापासून तो ह्या एका दिवसाची वाट बघत होता.

चूक कशी झाली ती समजून घ्या, कारण ती फक्त गिटारवालाच करू शकतो. गिटारवाला वाद्य हातात घेतलं की पहिल्यांदा काय करतो? तारांच्या खुंट्यांचे कान पिळतो. गिटारची तार रोज उतरते, त्यामुळं वाजवायच्या आधी ती जुळवायची, ही सवय हाडात जाते. मोबाइलवर ट्यूनरचं अ‍ॅप असतं. सूर बरोबर असला की हिरवं, नसला की लाल. समाधाननं सवयीप्रमाणं पेटीसमोर मोबाइल ठेवला. निम्म्या पेटीला लाल आलं. पेटीला पिळायला कान नसतात. म्हणून त्यानं पेटी उघडली, यूट्यूबवर कुठंतरी बघितलं, आणि बायकोची नखं घासायची कानस घेऊन दोन शुक्रवार बसला. शुक्रवारी कंपनीला सुट्टी असते.

"अरे, पण ती बिघडलेली नव्हती."

"काकू, लाल येत होतं ना. अ‍ॅप खोटं बोलंल का?"

आता ह्याला काय सांगावं? मी म्हटलं, "तुझ्या अंगातला शर्ट रेडिमेड आहे?"

"व्हय."

"दुकानात लटकवलेला असताना झकास दिसतो. सगळ्यांना थोडा थोडा येतो. कुणालाच पुरता बसत नाही. तुझं अ‍ॅप तसं आहे. सगळ्या जगाला एकच माप. ही पेटी मात्र शिवून घेतलेली आहे. काळी चारवाल्या एका माणसाच्या गळ्याचं माप घेऊन. त्या गळ्याला ग थोडा खाली लागतो, म्हणून शिंप्यानं तिथं बाही थोडी आखूड ठेवलीय. तू रेडिमेडच्या मापानं बाही लांब केलीस."

हे असंच करतात, बरं का. भजनाच्या, गाण्याच्या बऱ्याच पेट्या अशा एका सा वर लावलेल्या असतात. आम्ही त्याला गांधार ट्यूनिंग म्हणतो. त्याचं शास्त्र मला विचारू नका. मी दुकानातली एक लावलेली पेटी काढली, त्याला सा धरायला लावला आणि ग दाबला. मग त्याच्या पेटीवर तोच ग दाबला. दोनदा केलं. तिसऱ्यांदा त्यानंच हात वर केला.

"बस करा, काकू. कळालं."

"कसं वाटलं?"

"बाहीतून हात बाहेरच येईना."

बरं, परत करायची म्हटलं तर सोपं नाही. सूर टोकाला घासला की चढतो आणि मुळाशी घासला की उतरतो. म्हणजे चूक निस्तरतानाही पितळ घासूनच कमी करायचं. पितळ परत चिकटवता येत नाही. आधीच बारीक झालेला सूर अजून घासला तर वाजता वाजता तुटतो. गुरुवारी दिवसभर मी मान वर केली नाही. समाधान सेकंड शिफ्टला गेला, पण दर तासाला त्याचा फोन. तिसऱ्या फोनला मी सांगितलं, "आता फोन केलास तर पुढचा सूर तुझ्या नावानं तोडीन." त्यानंतर खरंच एक तुटला. खालच्या सप्तकातला. टिंग करून टेबलाखाली गेला. माझ्याकडं मेलेल्या पेट्यांचे सूर बिस्किटाच्या डब्यात जमवलेले असतात. त्यातून जोडीचा शोधून बसवला आणि घरच्यांना याबद्दल काही सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी अकराला पेटी तयार झाली. कानानं लावली होती, सा धरून, एकेक सूर तोलून. ग असा लागत होता, की मलाच दोन ओळी म्हणाव्याशा वाटल्या. समाधान सुट्टीचा, सकाळपासून येऊन बसलेला. त्यानं मोबाइल काढला. मी डोळे वटारले. त्यानं परत खिशात घातला.

मग मी म्हटलं, वाजव बघू, बुधवारची तयारी ऐकते. पोराची उजव्या हाताची बोटं चांगली होती. डाव्या हातानं मात्र गोंधळ. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो आणि त्यानं हवा सारखी, संथ भरायची असते. समाधानच्या हातात गिटारची सवय. त्यानं भात्यालाच ताल धरला. खाली-वर, खाली-खाली-वर. पेटी बिचारी उचकी लागल्यासारखी घ्यँ-घ्यँ करायला लागली.

"अरे, भाता आहे तो! त्याला झोडू नको. पाळण्याची दोरी ओढल्यासारखा ओढ."

"पाळणा आजून हालला नाय घरात, काकू."

"मग आत्तापासून सवय कर."

तेवढ्यात दारात उजेड अडला. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, खांद्यावर उपरणं, हातात पिशवी. मी काही विचारायच्या आत समाधान ताडकन उठून वाकला.

"मामा! तुमी? येनार म्हणून बोलले नाय."

रंगनाथबुवा पहाटेच्या जीपनं कन्नडला, तिथून एसटीनं शहरात आले होते. मंडळात कुणीतरी शंका काढली होती, की पेटीची सर्व्हिसिंग म्हणजे काय? पेटी काय मोटारसायकल आहे? तेव्हा म्हातारा स्वतःच बघायला निघाला.

"जावईबापूंना कामून तरास," ते म्हणाले, "म्हणलं मीच घिऊन जातो." मग मला हात जोडले. "रामराम, बाई. झाली का?"

"झाली, बुवा. वाजवून बघा."

ते खाली बसले. भाता असा ओढला, की आवाज कुठून सुरू झाला ते कळलं नाही. सा लावला. गळा उघडला. दुकानासमोरचा रिक्षावाला इंजिन बंद करून थांबला, एवढं सांगते. ग आला आणि बुवांनी मान हलवली. माझा जीव भांड्यात पडला. समाधाननं माझ्याकडं बघून डोळे मिटले, सुटलो म्हणावं तसे.

मग बुवा वरून खाली उतरायला लागले आणि एका जागी थांबले. काळी तीन. तिथं त्यांचा कोमल नी येतो. पट्टी दाबली. गायले. परत दाबली. परत गायले. पेटी एक सांगत होती आणि बुवा दुसरंच. मग त्यांनी भाता बंद केला आणि पेटीकडं असं बघितलं, की जणू आपलंच जनावर बाजारातून दुसऱ्याचं होऊन आलंय.

"बाई, ही मपली पेटी नाय."

"तुमचीच आहे, बुवा. नाव बघा."

"नाव मपलं हाय. नी दुसऱ्याचा हाय."

मी हुज्जत घातली. मी म्हटलं, बुवा, नी शास्त्रानं लागतो तिथंच लावलाय, तीस वर्षं लावतेय. ते म्हणाले, तुमचं शास्त्र बरोबर असंल, पण मपला नी त्याच्या खाली ऱ्हातो. ज्या कारागिरानं ही पेटी लावली, तो दोन दिवस घरी मुक्कामाला होता. मी गायचो आन् तो घासायचा. तो माणूस आता नाय. आन् तुमी काय केलं, ते मला कळंना.

खाली म्हणजे किती खाली? ते त्यांना सांगता येईना. गाऊन दाखवायचे, पण मी घासायला घेतलं, की पेटी ऐकून त्यांचा गळाही तिच्यामागं जायचा. गाणाऱ्याचं असंच असतं. दोनदा केलं, दोनदा वेगवेगळं निघालं. सूर आधीच बारीक झालेला. तिसऱ्यांदा अंदाजानं घासला असता तर तुटला असता. आणि असा सूर माझ्या बिस्किटाच्या डब्यात नव्हता.

बुवा उठले. पिशवी उचलली. "ऱ्हाऊ द्या. औंदा टाळ-पखवाजावर करू." एवढंच. आवाज चढवला नाही. ते जास्त वाईट होतं.

समाधानचा चेहरा पडला. तो एक पाऊल पुढं आला, परत मागं गेला. मग एकदम म्हणाला, "काकू, मपल्याकडं रिपोर्ट हाय."

"कसला रिपोर्ट?"

"घासायच्या आधीचा."

त्यानं मोबाइल पुढं केला. एक्सेलची शीट. अठ्ठ्याहत्तर ओळी. पहिल्या रकान्यात सुराचा नंबर. दुसऱ्यात आधीचं माप. तिसऱ्यात नंतरचं माप. चौथ्यात शेरा. क्वालिटीचा माणूस ना. आधीचं माप लिहिल्याशिवाय तो पार्टला हात लावत नाही. दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग करतात, त्या भागांत अ‍ॅप फरक दाखवतं. समाधाननं प्रत्येक सुराचा लिहून ठेवला होता. मी काळी तीनवर बोट ठेवलं. आधी: उणे सत्तावीस. नंतर: शून्य. शेरा: रिजेक्ट होता, ओके केला.

उणे सत्तावीस! चौथा हिस्सा खाली. खरं सांगते, मी तो सूर आधी ऐकला असता तर मीसुद्धा म्हटलं असतं, हा उतरलाय, आणि चढवून दिला असता. पोरानं अ‍ॅपचं ऐकून केलं ते मी शास्त्राचं ऐकून केलं असतं. केलंच होतं की.

बुवांच्या ध्यानात सगळं आलं होतं. त्यांनी शीटकडं बघितलं. समाधानकडं बघितलं. समाधान जमिनीकडं बघत होता. म्हाताऱ्याच्या मिशा थरथरायला लागल्या. पण जावयाला बोलायचं नसतं. आमच्याकडं जावयानं सासऱ्याचं घर पेटवलं तरी सासरा आधी विचारतो, हात भाजला का? बुवा माझ्याकडं वळले.

"बाई, तुमाला काय वाटलं पायजे का नाय?"

"मला?"

"देवाची पेटी! कुनीबी उठावं आन् कानस लावावी! लोकांचं ध्यान कुटं असतं?"

"बुवा, कानस मी नाही..."

"तुमी मधी बोलू नका! शहरात ऱ्हाता, शिकलेल्या, येवढं कळंना? चाळीस वरसं ती पेटी गायली, कुनी तिला लाल म्हणलं नाय! जावईबापू, उभे कामून, बसा. च्या घ्या." मग परत माझ्याकडं. "आसा माणूस मला गावला ना, तर त्याची बोटं पट्ट्याखाली ठिवून वरून भाता..."

"मामा," समाधान म्हणाला, "चूक माझी..."

"तुमची कशी आसंल? तुमी थोर माणूस. मी बाईंशी बोलायलोय."

पाच मिनिटं मी गप ऐकून घेतलं. सगळं अचूक होतं, फक्त पत्ता चुकीचा होता. शेवटी मी म्हटलं, "बुवा, कानस तुमच्या लेकीची आहे. नखं घासायची."

"लेकीला बोलता येतं मला," म्हणाले, आणि तिथल्या तिथं तिला फोन लावला. पलीकडून ती इतक्या जोरात ओरडली, की आम्हाला सगळं ऐकू आलं. "आबा, मी सांगितलं होतं त्यांना, की माझ्या कानशीला हात लावू नका! नवीन होती!"

फोन ठेवल्यावर बुवांचा पारा उतरला. पिशवी खाली ठेवली. मांडी घातली.

मग आम्ही तिघं कामाला बसलो. समाधान शीट बघून माप सांगायचा आणि मोबाइल पेटीजवळ धरायचा. मी मुळाशी ब्लेडनं एकेक हलकी ओढ द्यायची. बुवा आधी गायचे नाहीत, मी आकडा गाठला की मगच गळा लावायचे. "उणे नऊ... उणे पंधरा... काकू, हळू... उणे बावीस..." कामाचा माणूस होता तो, फक्त मापाची पट्टी चुकीची धरली होती. उणे सत्तावीसला मोबाइल लालभडक झाला आणि समाधान खुशीत ओरडला, "रिजेक्ट!"

बुवांनी काळी तीन दाबली. गायले. पेटी आणि गळा वेगळे ऐकू येईनात.

"आता मपली हाय," ते म्हणाले.

बाकीचे सूरही आम्ही शीटवरूनच एकेक करून ताडून घेतले. मी शास्त्रानं लावलेले नऊ सूर शीटशी जुळले नाहीत. ते नऊही बुवांनी शीटच्या बाजूनं दिले. समाधाननं हिरव्या टिकल्या एकेक नखानं काढून टाकल्या.

निघताना समाधाननं हळूच विचारलं, "मामा, बुधवारचं..." बुवा त्याच्यापासून दोन हातांवर उभे होते. ते मला म्हणाले, "बाई, जावईबापूंना सांगा, बुधवारी हरिपाठाला पेटीवर बसायचं. पर बोटं फिरवायची नायत. काळी चार दाबायची आन् सूर धरायचा. चाल मी गळ्यानं सांभाळतो."

मी समाधानकडं वळून सांगितलं, "ऐकलंस?"

"ऐकलं," तो म्हणाला. त्याला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. त्याचा चेहरा उजळला होता.

बुधवारी दुकान बंद ठेवून मी पिशोरला गेले. मुद्दाम. मांडवात बायकांच्या बाजूला मागं बसले, समाधानच्या बायकोशेजारी. तिनं पहिल्यांदा माझे हात बघितले आणि म्हणाली, काकू, तुमची नखं मात्र छान आहेत. हरिपाठ सुरू झाला. समाधान नवा सदरा घालून, एक बोट काळी चारवर ठेवून बसलेला. सूर धरला. आणि खरंच सांगते, छान धरला. एक सूर, सरळ, न तुटता, न मरता. त्यावर चाळीस माणसं उभी होती. कॅफेत टाळ्या घेताना त्याचा चेहरा मी कधी बघितला नाही, पण असा नक्की नसणार.

पुढं चाल चढली, टाळ वाढले, आणि त्याच्या डाव्या हाताला गिटार आठवली. भाता उड्या मारायला लागला. घ्यँ-घ्यँ. टाळकरी माना वळवायला लागले. बुवा तोंडानं गात होते. जावयाला काही बोलता येत नव्हतं. त्यांची नजर सगळ्या मांडवावरून फिरली, बायकांच्या बाजूला आली आणि माझ्यावर थांबली. दोन ओळींच्या मधल्या जागेत ते कडाडले, "पेटीवाल्या बाई! भाता!"

सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. मी मांडीत हात ठेवून तीस फुटांवर बसलेली. मी मान खाली घालून म्हटलं, "चुकलं, बुवा." भाता संथ झाला.

पेटी आता दर वर्षी सप्त्याच्या आधी माझ्याकडं येते. त्या शीटची प्रिंट समाधाननं मला काढून दिली आहे, ती मी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली. समाधाननं स्वतःची एक नवी पेटी घेतली. बोटं अजून जड आहेत, पण पुढच्या सप्त्यात त्याला एक चाल मिळणार असं ऐकते. लेकीला बुवांनी नवीन कानस घेऊन दिली आणि ती कुलपात ठेवायला सांगितलं.

मी एवढंच शिकले. कुणाची वस्तू दुरुस्तीला घ्यायच्या आधी, ती बिघडली आहे का, हे वापरणाऱ्याला विचारावं. आता मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारते. बरेच जण रागावतात, म्हणतात, बिघडली नसती तर तुमच्याकडं कशाला आणली असती? त्यातल्या निम्म्यांची बिघडलेली नसते.